दादासोंच्या शेजारची जागा

"आजी, जरा मान वर करा. हां, आता असंच बसा," मोबाईल डोळ्यांसमोर धरून चर्चचे पाळक अतुल म्हणाले.

बनाबाई पदर सावरून ताठ बसल्या. फोटो निघाला, पाळकांनी तो दाखवला, त्यांनी चष्मा लावून पाहिला, आणि मग विचारलं, "कशाला पायजे हो फोटो?"

"आपल्या मंडळीच्या अमृतमहोत्सवाची स्मरणिका निघतीय की. पहिल्या पानावर मंडळीचा इतिहास, आणि शेजारी तुम्ही. सगळ्यात जुन्या सभासद. येत्या रविवारी शाल घालून सत्कार हाय तुमचा."

बनाबाईंनी चष्मा काढून पदरानं पुसला. पाळक तरुण, इचलकरंजीहून आलेले, मनानं सरळ. त्यांना फसवायचं बनाबाईंच्या जिवावर आलं.

"मी सभासद न्हाय," त्या म्हणाल्या.

पाळक हसले. म्हातारी थट्टा करतेय असंच त्यांना वाटलं. मग ती हसत नाही हे पाहून त्यांचं हसू मावळलं.

त्यांना तरी दोष कसा द्यायचा? उद्यमनगरच्या मागच्या गल्लीतली ही बाप्टिस्ट मंडळी सुरू झाली ती एका गोठ्यात. प्रभूचा जन्मही गोठ्यातच, म्हणून पाळक ही गोष्ट पाहुण्यांना कौतुकानं सांगत. त्या गोठ्यात म्हैसही असायची आणि प्रार्थना लांबली की ती ओरडायची, एवढं मात्र गाळत. पुढं लोखंड ओतायच्या फौंड्रीत काम करणाऱ्या चार घरांनी मिळून पत्र्याचं छप्पर घातलं, मग भिंती आल्या, सगळ्यात शेवटी फरशी. बनाबाई दादासोंशी लग्न होऊन आल्या तेव्हा जमीन सारवावी लागायची. ते काम नव्या नवरीकडं आलं. फरशी बसल्यावर सारवण सुटलं, पण झाडलोट काही सुटली नाही. बाळंतिणींच्या दवाखान्यात आयाची नोकरी, घरचं सगळं, आणि वर हे. कुणी आजारी पडलं की बनाबाई, कुणी गेलं की बनाबाई. अशी बाई सभासद नसेल हे कुणाच्या स्वप्नातही यायचं नाही.

शिवाय विहीर होती. या मंडळीत बाप्तिस्मा म्हणजे कपाळावर दोन थेंब नव्हेत. जाणत्या माणसानं स्वतःच्या तोंडानं विश्वास कबूल करायचा आणि अख्खं पाण्याखाली जायचं. मगच तो सभासद, मगच त्याला प्रभुभोजनाची, म्हणजे येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून मोडून वाटतात ती, भाकरी. त्यासाठी कागल रस्त्याला सिकंदरच्या मळ्यातली पायऱ्यांची विहीर ठरलेली. सिकंदरच्या आजोबांनी पहिल्या पाळकांना सांगितलं होतं, पाणी देवाचं हाय, उतरा खुशाल. तेव्हापासून ना कुणी पुन्हा परवानगी मागितली, ना त्या घरानं कधी कपाळाला आठी घातली. बायका ओल्या अंगानं वर आल्या की चादर उघडून उभं राहायचं आणि त्यांना गुंडाळून घ्यायचं, हे काम बनाबाईंचं. मंडळीतली एकूण एक बाई थरथरत त्या चादरीत शिरलेली. चादर धरणारी स्वतः कधी भिजलीच नाही, इकडं कुणाचं लक्ष गेलं नाही.

प्रभुभोजनाच्या रविवारी त्या शेवटच्या बाकावर बसत. भाकरीचा ट्रे आला की दोन्ही हातांनी धरत आणि तुकडा न घेता शेजारच्याकडं देत. मागं वळून बघतंय कोण?

"पण का, आजी?" पाळकांनी विचारलं.

"माझा बाप्तिस्मा झालाय म्हणून," बनाबाई म्हणाल्या. "आमचा बा, ज्ञानू, कागलला मिशनच्या शाळंत शिपाई हुता. तिथलं चर्च येगळं. तिथं तान्ह्या लेकराच्या कपाळाला पाणी लावत्यात. मी आठ दिवसांची हुतो. आई बाळंतपणात पार खचलेली. तिला बाजंवर घालून चर्चच्या दारापतुर आणली. तिनं दारातनं बघितलं. पाद्रीबाबानं पाणी लावलं, बना म्हणून नाव घेतलं. नाव तिनंच सांगितलंतं. दोन दिसांनी गेली ती. माझं म्हणून तिनं तेवढं एकच बघितलं."

पाळकांनी मोबाईल खिशात ठेवला.

"आता तुमची मंडळी म्हंती, ते धरत न्हाय आम्ही, पुन्हा घ्या. म्हंजे ते खोटं म्हणायचं व्हय मी?"

"खोटं न्हवं, आजी. पण..."

"पण धरत न्हाय."

"न्हाय धरत," पाळक म्हणाले. माणूस खरा होता, गोड बोलून वेळ मारून नेणं त्याला जमत नव्हतं.

मग त्यांच्या काहीतरी ध्यानात आलं आणि ते पार ओशाळले. बनाबाईंच्या ते आधीच ध्यानात आलेलं होतं. मंडळीच्या दफनभूमीत जागा संपत आली होती. गेल्याच महिन्यात कमिटीनं ठराव केला होता, यापुढं जागा फक्त सभासदांना, एका सभासदाला एक. ठराव मांडला होता खुद्द पाळकांनीच. आणि तीन वर्षांपूर्वी दादासोंना माती दिली तेव्हा त्यांच्या शेजारी एका माणसापुरती जागा सोडलेली होती. ती कुणासाठी, हे विचारायची कुणाला गरजच पडली नव्हती.

"शनिवारी आपल्या मंडळीतल्या त्या अक्षता पोरीचा बाप्तिस्मा हाय विहिरीवर," पाळक शेवटी म्हणाले. "तुम्हीपण उतरा, आजी. दहा मिनिटांचं काम. कुणी काय इचारणार न्हाय. जागेचाबी प्रश्न मिटतोय."

बनाबाईंनी त्यांच्यासाठी चहा टाकला. आधण उकळून उतू गेलं तरी त्यांना कळलं नाही.

दादासो मंडळीचे डीकन, म्हणजे पाळकांच्या हाताखालचे सेवक, होते आणि प्रभुभोजनाचा ट्रे तेच फिरवायचे. लग्नानंतर त्यांनी एकदाच विचारलं, "उतरतीस का?" बनाबाईंनी आईची गोष्ट सांगितली. दादासोंनी ऐकून घेतली आणि पुन्हा म्हणून तो विषय काढला नाही. ट्रे मात्र दर वेळी बायकोपुढं नेमानं धरला, आणि दर वेळी तिला तो तसाच पुढं देताना पाहिलं. त्या रविवारी घरी आले की जेवायला बसताना पहिली भाकरी ते हातानं मोडायचे, अर्धी बनाबाईंच्या ताटात ठेवायचे आणि मग स्वतः खायचे. इतर दिवशी तसं करायचे नाहीत. त्यावर दोघं कधी बोलले नाहीत. असल्या माणसाच्या शेजारी आपली माती व्हावी, एवढंच आता बनाबाईंचं मागणं उरलं होतं.

शनिवारी सकाळी त्या विहिरीवर गेल्या ते उतरायचं ठरवूनच; तसा निरोप त्यांनी पाळकांना आदल्या दिवशीच धाडला होता. बरोबर मंडळीतली त्यांची जुनी मैत्रीण ललिता होती. ललिता त्यांच्याहून सहा-सात वर्षांनी लहान, फौंड्रीत साच्यांची माती चाळून जन्म काढलेली, तोंडानं फटकळ. तिला वाटेतच सगळं कळलं होतं.

"सभासद नव्हतीस व्हय गं, आक्का? मग इतकी वरसं माझ्यावर डाफरत हुतीस ती कुठल्या हक्कानं?"

"चादर नीट धर. वाऱ्यानं उडंल," बनाबाई म्हणाल्या. आज चादर ललिताच्या हातात होती.

सिकंदरनं पायऱ्यांवरचं शेवाळ खरवडून काढलं होतं. "आक्का, पहाटंपास्नं मोटर चालू ठेवलीय," तो म्हणाला. "पाणी दोन पायऱ्या खाली घेतलंय तुमच्यासाठी. भ्यायचं कारण न्हाय."

इतक्या लोकांनी इतकं केल्यावर माघार कशी घ्यायची? बनाबाईंनी चपला काढल्या आणि पाळकांचा हात धरून त्या उतरू लागल्या. पाणी घोट्यांना लागलं. मग गुडघ्यांना. लुगडं जड झालं.

"प्रभूवर विश्वास हाय का, आजी?"

"हाय. कवाचाच हाय."

"मग या. आणखी एक पायरी."

बनाबाईंनी सहज वर पाहिलं. वर, जिथून पायऱ्या सुरू होत होत्या, तिथल्या दगडी कमानीत ललिता चादर घेऊन उभी होती. मागं उजेड, त्यामुळं तोंड दिसत नव्हतं. नुसती दारात उभी असलेली एक बाई दिसत होती.  आईचं तोंड त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं, फोटोही नव्हता. जे होतं ते एवढंच, की ती दारातून बघत होती. आज हे पाणी डोक्यावर घेतलं तर आई उगीचच बघत होती असं होईल. दादासोंची जागा मिळेल आणि आईची जाईल.

"पास्टर," त्या म्हणाल्या, "माझं झालंय."

"अजून कुठं, आजी?"

"झालंय. आईच्या डोळ्यांसमोर झालंय." त्यांनी हात सोडवून घेतला. "अक्षताला बोलवा. पोरगी मघापास्नं ताटकळलीय."

पाळक हळूच म्हणाले, "आजी, मग ती जागा..."

"कळतंय मला. ठराव केलासा, तो माझ्यापायी मोडू नगासा. उद्या दुसरं कोण येईल, त्याला काय सांगशीला?"

गुडघ्यापर्यंत भिजलेलं लुगडं घेऊन त्या वर आल्या आणि ललिताच्या हातातली चादर त्यांनी काढून घेतली. अक्षता उतरली, पाण्याखाली गेली, गुदमरून वर आली, आणि नेहमीसारखी बनाबाईंनी तिला गुंडाळून घेतलं, डोकं पुसलं, पाठीवर हात फिरवला. सिकंदर मोटर बंद करायला निघून गेला.

परतताना रिक्षात मात्र बनाबाईंना रडू आवरलं नाही. इतकी वर्षं एका घरात काढली आणि शेवटी ते इथं, मी कागलच्या मातीत, दोघं दोन गावांना, असं त्या म्हणाल्या आणि पदरात तोंड घातलं. ललितानं मांडीवरची ओली चादर बाजूला सारली आणि घर येईपर्यंत त्यांचा हात धरून ठेवला.

रविवारी मंडळीच्या दाराला झेंडूचं तोरण लागलं होतं. कागलहून, इचलकरंजीहून पाहुणे आले होते. पाळकांनी इतिहास वाचला. गोठा आला, पत्रे आले, फरशी आली, सिकंदरच्या आजोबांचंही नाव आलं आणि पहिल्या रांगेत बसलेल्या सिकंदरनं मान खाली घातली. म्हैस नव्हती.

"आणि आता आपल्या सर्वांत जुन्या सभासद," एवढं म्हणून पाळक क्षणभर अडखळले, "ललिताबाई."

लोकांत कुजबुज झाली. काहींनी वळून शेवटच्या बाकाकडं पाहिलं. बनाबाई समोर बघत बसल्या होत्या.

ललिता वर गेली. पाळकांनी तिच्या खांद्यांवर शाल घातली. टाळ्या पडल्या. तिनं माईक हातात घेतला आणि तो उलटा धरला, तो अक्षतानं सरळ करून दिला.

"मला भाषण येत न्हाय," ललिता म्हणाली. "एकच इचारायचं हाय. एका सभासदाला एक जागा, असंच ठरलंय न्हवं?"

"व्हय," पाळक म्हणाले.

"म्हंजे माझी एक हाय."

"हाय की."

"मग ती मी बनाक्काला दिली. दादासोंच्या शेजारची. लिवून घ्या." तिनं कमिटीच्या लोकांकडं बोट केलं. "माझं माहेर कागलचं, भाऊ हाय तिथं. तो देईल माती. मेल्यावर मला काय कळणार हाय, मी कुठं हाय ते?"

कमिटीतल्या एकानं घसा खाकरला. पाळकांनी त्याच्याकडं पाहिलं नाही. "जागा दुसऱ्याला देऊ नये असं ठरावात म्हटलेलं नाही," ते म्हणाले.  "लिहून घेतो."

ललिता खाली उतरली. आपल्या पहिल्या रांगेतल्या खुर्चीकडं न जाता ती मधल्या वाटेनं सरळ मागं गेली, बनाबाईंसमोर उभी राहिली, अंगावरची शाल काढली आणि दोन्ही हातांनी उघडून धरली, विहिरीच्या काठावर चादर धरतात तशी.

"ऊठ," ती म्हणाली.

"भिजलोय व्हय मी?" बनाबाई म्हणाल्या. पण त्या उठल्या. ललितानं त्यांना शालीत गुंडाळून घेतलं आणि तिथंच, शेवटच्या बाकावर, त्यांच्या शेजारी बसली.

मग प्रभुभोजन झालं. ट्रे आला. बनाबाईंनी तो दोन्ही हातांनी धरला आणि ललिताकडं दिला. ललितानं आपला तुकडा घेतला.

दुपारी ललिता जेवायला बनाबाईंकडंच आली. कार्यक्रमात वाटलेली बुंदी तिनं पदरात बांधून आणली होती. बनाबाईंनी शाल घडी करून दादासोंच्या फोटोखालच्या पेटीवर ठेवली, चूल पेटवली, भाकऱ्या थापल्या. ताटं वाढली. पहिली भाकरी घेतली, हातानं मोडली आणि अर्धी ललिताच्या ताटात ठेवली.

"अख्खी वाढ की," ललिता म्हणाली. "टोपलं भरून भाकऱ्या हाईत. मोडतीस कशापायी?"

"आज प्रभुभोजनाचा आयतवार हाय," बनाबाई म्हणाल्या. "खा गप."