बारा फेब्रुवारीची तारीख

सिद्धलिंगप्पा मैंदर्गीहून मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन आले होते. अगत्यानं यायचं, म्हणत त्यांनी ती अक्कलकोट रोडवरच्या मंगल कार्यालयाचे मालक रेवणप्पा यांच्या हातात दिली. रेवणप्पांनी चष्मा लावून ती वाचली, उलटून पाहिली, पुन्हा वाचली.

"बारा फेब्रुवारी. आमच्याच कार्यालयात?"

"व्हय की. पोरीनं मोबाइलवरच तारीख घेतली. तुमचाच निरोप आला, तारीख नक्की झाली म्हणून."

"मी न्हाई पाठवला."

"मग कुणी पाठवला?"

दोघांनीही समोर बसलेल्या वैजयंतीकडं पाहिलं.

निरोप वेबसाइटनं पाठवला होता आणि वेबसाइट वैजयंतीनं बनवली होती. पुण्यातली नोकरी सोडून सोलापुरात आल्यावर तिनं स्वतःच्या नावावर घेतलेलं हे पहिलंच काम. साइट सुरू होऊन तीन आठवडे झाले होते. आज ती फक्त स्वयंपाकघराचे फोटो काढायला आली होती.

तिनं घाईघाईनं लॅपटॉप उघडला. कॅलेंडरवर बारा फेब्रुवारी, नाव सिद्धलिंगप्पांचं. सगळं बरोबर होतं. रेवणप्पांनी तारखा नोंदवायची आपली वही तिच्यापुढं सरकवली. बारा फेब्रुवारी, मानसिंग, वेळापूर, आणि नावावरून तांबड्या पेनाची आडवी रेघ.

"काका, हे तर रद्द झालंय ना?"

"रद्द? कोण म्हणलं?"

"तुम्ही काट मारलीय."

"मारणारच की! पार्टी आली, टेबलावर पान-सुपारी ठेवली, की मी रेघ मारतो. विषय संपला. त्या तारखेला मग कुणी हात लावायचा न्हाई."

"आणि ज्या नावांवर रेघ नाही ती?"

"ते नुसतं विचारून गेलेले. चहा पिऊन."

वैजयंती वहीची पानं उलटत राहिली. फेब्रुवारी, मार्च, एप्रिल. जितक्या रेघा होत्या तितक्या तारखा तिनं साइटवर मोकळ्या दाखवल्या होत्या, आणि चहा पिऊन गेलेल्यांसाठी बाकीच्या राखून ठेवल्या होत्या.

"पण काका, मी तुम्हाला दाखवलं होतं. तुम्ही छान झालंय म्हणालात."

"छानच हाय की. स्टेजचा फोटो लई भारी आलाय. ते बारीक चौकोन माझ्या डोळ्याला कुटं दिसतेत?"

तिनं आधी साइटवरचं तारीख घ्यायचं बटण बंद केलं. सुदैवानं तीन आठवड्यांत ते एकाच माणसानं वापरलं होतं, आणि तो माणूस समोरच बसला होता. सिद्धलिंगप्पांना अजून नीट उमगलं नव्हतं. ते एकदा वहीकडं बघत, एकदा लॅपटॉपकडं.

"म्हंजे तारीख कुणाची?"

"वेळापूरकरांची," रेवणप्पा म्हणाले.

"मी विचारू का त्यांना?" वैजयंती म्हणाली. "सकाळी एक लग्न, संध्याकाळी एक..."

"सुपारी ठेवलेल्या माणसाला उठवायचं? बापाच्या काळापासनं झालं न्हाई ते. बटणासाठी करू?"

मग तिनं रोडवरच्या आणि गावातल्या मिळून नऊ कार्यालयांना फोन लावले. दाट लग्नतिथीचा दिवस. एकानं तर हसून विचारलं, "कुठल्या वर्षीची बारा, मॅडम?"

नववा फोन ठेवल्यावर सिद्धलिंगप्पा चिडतील, ओरडतील, अशी तिची तयारी होती. त्यांनी पत्रिका परत घेऊन पिशवीत ठेवली.

"तारीख हलायची न्हाई. पहिली पत्रिका देवापुढं ठिवलीया. लगीन मैंदर्गीत, दारात मांडव घालून करतो. आमची आई पहिल्यापासनं तेच म्हणत होती. पोरगीच म्हणली, सोलापुरात करू, फोटो चांगलं येतेत. पण चारशे घरी पत्रिका गेल्यात, बाई. ती माणसं त्या दिवशी हितं येऊन उभी ऱ्हायली, तर माझ्या पोरीच्या लग्नाला कोण?"

"मी साइटवर लिहिते. मोठ्या अक्षरात."

"पत्रिका आलेला माणूस साइट कशाला बघंल?"

सिद्धलिंगप्पांनी पिशवीतून कागदांची गुंडाळी काढली. गावं, नावं, फोन नंबर, सगळं हातानं लिहिलेलं.

"निम्मी तुमी सांगा, निम्मी मी सांगतो. माझ्यानं चारशे जणांपुढं एकच गोष्ट सांगवायची न्हाई."

रेवणप्पांनी आपला मोबाइल चार्जिंगवरून काढला आणि मधले दोन कागद स्वतःकडं ओढले.

पहिलं नाव गुलबर्ग्याचं होतं. वैजयंतीनं नंबर लावला. पलीकडून एक बाई कन्नडात काहीतरी बोलली, मग मराठीत.

"कोण बोलतंय?"

"मी सिद्धलिंगप्पांकडून बोलतेय. बारा तारखेचं लग्न मैंदर्गीला आहे. सोलापूरला नाही."

"अय्यो, का हो? काय झालं?"

"घरीच करायचं ठरलंय."

"बरं बरं. पण तुम्ही कोण त्यांच्या?"

वैजयंतीनं फोन कानाला तसाच धरून सिद्धलिंगप्पांकडं पाहिलं. ते दुसऱ्या फोनवर कुणाला तरी मांडवाची जागा समजावून सांगत होते.

"मुलीकडची," ती म्हणाली.