दहापैकी नऊ

तिला लोक नाकवाली म्हणत. एका दैनिकात दर शुक्रवारी ती एखाद्या वाईन बारवर लिहायची आणि शेवटी दोन गुण द्यायची: एक निवडीला, दुसरा पैसे वसूल होतात का त्याला. तिने नाक मुरडलं की मालकांची झोप उडायची.

ते नाक घडवलं होतं मास्तरांनी. हॉटेलच्या शाळेत बावीस वर्षं त्यांनी वाईन शिकवली. "आधी हुंगायचं, मग प्यायचं, बोलायचं सगळ्यात शेवटी," हे त्यांचं पालुपद. निवृत्त झाल्यावर त्यांनी तिच्याच गल्लीच्या कोपऱ्यावर सहा टेबलांचा बार काढला होता. तीन वर्षांत त्यांनी तिला परीक्षणासाठी म्हणून एकदाही बोलावलं नाही. ओळखीचा वशिला नको, म्हणायचे. त्यामुळे एका मंगळवारी त्यांचा फोन आला तेव्हा तिला नवल वाटलं.

"ये गं एकदा. सगळं चाखून बघ आणि असेल ते लिही. भीडभाड ठेवू नकोस."

ती त्याच दुपारी गेली, बार उघडायच्या आधी. यादी वाचूनच हरखली. चाळीस प्रकार, त्यात एकही उगाच नाही. लहान मळ्यांच्या, कुणी नावही न ऐकलेल्या वाईन, आणि मोठ्या बारच्या निम्म्या किमतीत. मास्तरांनी पहिला पेला भरला. तिने नाकाशी नेला. ओल्या पुठ्ठ्याचा वास. बूच खराब निघालं असेल, होतं असं कधी कधी, म्हणून काही न बोलता तिने दुसरा मागितला. त्याला उकाड्यात विटलेल्या फळांचा वास. तिसरी वाईन उत्तम होती. चौथी म्हणजे निव्वळ व्हिनेगर.

मास्तरांनी त्याच बाटलीतला आपला पेला गोल फिरवला, डोळे मिटले. "काळ्या मनुका. मागाहून थोडी ओली माती. येतंय ना?"

तिने आपला पेला पुन्हा हुंगला: व्हिनेगरच. ते वर्गातलं जुनं टिपण पाठ म्हणत होते.

"येतंय, मास्तर," ती म्हणाली.

ते मागच्या खोलीत पुढची बाटली आणायला गेले तशा गल्ल्यावर बसलेल्या काकू, त्यांच्या पत्नी, लगबगीने जवळ आल्या.

"त्या मोठ्या तापानंतर गेलंय त्यांचं नाक. परवा गॅस चालू राहिला, हे शेजारीच बसलेले, पत्ता नाही. उन्हाळ्यात मागचं थंड करायचं मशीन पंधरा दिवस बंद होतं, त्यात किती बाटल्या गेल्या कोण सांगणार? ते मला काही बोलत नाहीत, मीही विचारत नाही. पोरी, सांभाळून लिही. बारशिवाय त्यांना आहे काय दुसरं?"

दोन दिवस ती लेख घेऊन बसली. यादीबद्दल जे लिहिलं ते अक्षरन् अक्षर खरं होतं. पेल्यात काय होतं, याबद्दल एक ओळही नाही. पुढच्या आठवड्यात जाऊन खराब बाटल्या हळूच बाजूला काढू, अशी तिने मनाची समजूत घातली. निवड: दहापैकी नऊ. पैसा वसूल: दहापैकी नऊ.

शनिवारी संध्याकाळी बारमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. तीही आली होती. आधी एक जोडपं पेले तसेच ठेवून निघून गेलं. मग एक वकील पेला घेऊन उठले. "मास्तर, हे काकडीवर घालायचं की प्यायचं?" सगळे हसले.

मास्तरांनी पेला घेतला. बराच वेळ हुंगला. मग गर्दीतून वाट काढत ते तिच्यापाशी आले.

"तू सांग. काय आहे हे?"

"व्हिनेगर," ती म्हणाली.

"मंगळवारी चाखलीस तेव्हा?"

तिला खोटं बोलवेना. "तेव्हाही."

हसणं थांबलं. मास्तरांनी हात जोडून सगळ्यांना जायला सांगितलं. बार रिकामा झाल्यावर ते खुर्चीत बसले.

"नाक गेलंय हे मला कळत नव्हतं असं वाटलं तुला? आठ महिने झाले. बाटली उघडली की मी आंधळा. चांगली कुठली, गेलेली कुठली, विचारू कुणाला? म्हणून तुला बोलावलं. तोंड उघडून मदत मागायची लाज वाटली. मनुका म्हणालो, तेव्हा तू अडवशील म्हणून वाट बघत होतो. तू 'येतंय' म्हणालीस. काल नऊ वाचले आणि हिला म्हटलं, बघ, माल शाबूत आहे आपला."

काकूंनी पदर तोंडाला लावला.

"मास्तर, मी आत्ता बसते," ती म्हणाली. "एकेक बाटली उघडून वेगळी काढते."

ते उठले. मोरीपाशी एक बाटली उघडून त्यांनी उपडी केली. मग दुसरी. तिसरीचं बूच निघालं तेव्हा तिला चार पावलांवरून वास आला. स्वच्छ, भरलेला, त्यांनीच शिकवलेला.

"ही चांगली आहे! मास्तर, ही नका ओतू."

"असेल," ते म्हणाले. "काल तर सगळ्याच चांगल्या होत्या."

आणि त्यांनी ती ओतली. त्यानंतरच्याही बऱ्याच बाटल्या चांगल्या होत्या. प्रत्येक वेळी तिला कळत होतं, आणि तिच्या सांगण्याला आता काडीची किंमत उरली नव्हती.

बार पुन्हा उघडला नाही. तिचं सदर चालू आहे. वाचकांचा तिच्यावर विश्वासही आहे. अधूनमधून ती सकाळी अकराला मास्तरांना फोन करते. काकू उचलतात.

"झोपलेत गं," म्हणतात.