बिनपाण्याचा बंब

मित्रांनो, मी आगीचा एक जुना बंब आहे आणि माझ्या पोटात पाण्याचा एक थेंबही नाही. हसू नका. मी जन्मलोच तसा, त्यात माझा काय दोष? माझ्या पिढीतल्या पुष्कळ बंबांना टाकी नसायचीच. नाकाशी दणकट पंप, पाठीवर नळ्या आणि आत बसायला बाकडी. पाणी हवे तर नदी, तळे, कालवा, जे सापडेल त्यात नळी सोडायची आणि ओढायचे. जर्मनीच्या उत्तरेकडे माझे आयुष्य गेले. तिथे पाण्याला काय तोटा!

तारुण्यात मी शहरात होतो. एकदा पिठाची गिरणी पेटली, तेव्हा मी रात्रभर कालव्याचे पाणी उपसले. सकाळी तिथल्या बायकांनी माझ्या बॉनेटवर केक आणून ठेवला. मला तोंड नाही, म्हणून तो माझ्या माणसांनीच फस्त केला, पण मान माझा होता! मग टाकीवाला नवा बंब आला. बटण दाबले की पाणी. गरज सरो, वैद्य मरो, दुसरे काय! मी कोपऱ्यात उभा राहिलो आणि माझ्या छपरावर कबुतरांनी संसार थाटला.

शेवटी शहराने मला हामर्सविक गावच्या कुमार अग्निशमन पथकाला देऊन टाकले. आमच्याकडे खेड्यात आग विझवतात ते सुतार, गवळी आणि शाळेतल्या बाई. त्यांची मुले लहानपणापासून हे काम शिकतात. पथक चालवायची विबके. एरवी ती गाईंची डॉक्टर. पथकातल्या मुलांची म्होरकी टोमके, जिभेने तिखट. त्यार्क नावाचा मुलगा मात्र कायम भुकेला. मुलांनी माझा गंज खरवडला, कबुतरांची घाण धुतली आणि मला 'ओपा', म्हणजे आजोबा, म्हणू लागली. खरे सांगतो, मला फार आवडले.

पण सरपंच ब्रुगेमान यांच्या मनात वेगळेच होते. त्यांना फुलांचा भारी नाद.

"वेशीवरच्या चौकात उभा करू याला," ते विबकेला म्हणाले. "बॉनेट काढायचं, आत माती भरायची, लालभडक फुलं लावायची. काय दिसेल!"

"अहो, धडधाकट आहे तो! आणि मुलांचा जीव आहे त्याच्यावर."

"मुलं चार दिवस खेळतील नि विसरतील. मग सांभाळायचं कुणी? गंजून मरण्यापेक्षा फुलं बरी. ईस्टर झाला की ट्रक येतोय न्यायला."

माणूस वाईट नव्हता. पण जिवंतपणी माझी कुंडी करायला निघाला होता!

ईस्टरच्या आदल्या दिवशी गावाबाहेर तळ्याजवळ फांद्यांची मोठी होळी पेटते. त्या सकाळी मुलांनी सगळा ढीग उपसून नव्याने रचला, म्हणजे आत शिरलेले ससे भाजायला नकोत. संध्याकाळी गाव जमले. सॉसेजचा खमंग वास सुटला. पाण्याचा बंब तयार असल्याखेरीज काडी लावायची नाही, असा नियम. म्हणून गावचा टाकीवाला नवा बंब ऐटीत उभा होता. एवढ्यात आग विझवणाऱ्या मोठ्या माणसांच्या कमरेचे पेजर वाजले आणि ती धावली. हमरस्त्यावर कांद्यांचा ट्रक उलटला होता. नवा बंब त्यांना घेऊन निघून गेला.

"झालं," ब्रुगेमान म्हणाले. "आज होळी नाही."

"ओपा आहे की!" टोमके ओरडली.

"त्याच्या पोटात थेंब नाही, पोरी."

"तळ्यात आहे ना! तळं काय ट्रकमागं गेलंय?"

विबके हसली आणि तिने होकाराची मान डोलावली. मुलांनी मला तळ्याकाठी नेले, जाड नळ्या एकमेकींना जोडून पाण्यात सोडल्या आणि पंप सुरू केला. मी जीव तोडून ओढले. पाणी येईना. बाकांवर बसलेल्या, एकेकाळी आग विझवणाऱ्या काकालोकांना ऊत आला. "जोर वाढवा!" "नळी पुढं सरकवा!" "बादलीनं भरा!" टाकीची सवय लागल्यापासून एकानेही तळ्यातून पाणी ओढले नव्हते.

"गप्प बसा सगळे!" टोमके म्हणाली, आणि काका चक्क गप्प बसले. तिने कान लावून एकेक जोड ऐकला. एका ठिकाणी हवा फुसफुसत आत शिरत होती. "हा जोड कुणी लावला?"

"मी," त्यार्क म्हणाला. "एका हातानं. दुसऱ्यात सॉसेज होतं."

"भुक्कड! मोहरीची चटणी लागलीय बघ इथं!"

जोड पुसून दोन्ही हातांनी आवळला. मग माझ्या घशात गारेगार पाणी चढले. काय सांगू तुम्हाला तो आनंद! टोमके गरजली, "पाणी सोडा!" नळीतून फवारा उसळला आणि लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. होळी पेटली. मध्येच वाऱ्याने ठिणग्या सॉसेजच्या मांडवाकडे नेल्या, तेव्हा मुलांनी मांडव भिजवला, आणि त्याबरोबर ब्रुगेमानही नखशिखांत भिजले.

"काम केलं पठ्ठ्यानं," टोपी पिळत ते विबकेला म्हणाले. "पण एका दिवसाची मजा ही. उद्यापासून कोण बघणार याच्याकडं?"

माझा आनंद मावळला. ट्रक येणारच होता.

होळी विझत आली, नवा बंब परतला आणि सगळे जेवायला वळले. मुले आणि विबके मात्र माझ्यापाशीच थांबली. ब्रुगेमान थाळी घेऊन बोलवायला आले. त्यार्क माझ्या पंपाखाली उताणा पडून तोट्या उघडत होता, आणि थेंब थेंब पाणी त्याच्या बाहीत शिरत होते.

"चला रे, गार होतंय. उद्या करा ते."

"उद्यापर्यंत फुटेल तो," त्यार्क खालूनच म्हणाला. "रात्री गारठा पडला, की आतलं पाणी गोठतं आणि लोखंड तडकतं. तुम्ही जेवा. आम्हाला वेळ लागेल."

"तू? आणि जेवणाआधी?"

"ओपाचं आधी."

 ब्रुगेमान यांनी थाळी गवतावर ठेवली, ओल्या पँटीसह गुडघे टेकले आणि मुलांना दिसावे म्हणून बॅटरी धरली.

"विबके," ते म्हणाले, "त्या ट्रकवाल्याला सांग, येऊ नको."

मित्रांनो, जुन्या वस्तूला हारतुरे नकोत आणि चौकातली जागाही नको. तिला कामाला लावा. आणि काम झाले, की आपल्या ताटावर बसण्याआधी एकदा तिच्याकडे बघून या.