न्यायाधीशांच्या दगडासाठी टायर

न्यायाधीशांचा दगड घेऊन आत्या सकाळी नऊला निघाली आणि सव्वानऊला पिकअपचं मागचं डावं टायर फुटलं.

आमचा धंदा थडग्यांच्या दगडांचा. बाबा दगड घडवतात. मी त्यावरची अक्षरं आखते आणि शुद्धलेखन तपासते, कारण कागदावरची चूक खोडता येते, दगडावरची माणसाच्या नावावर कायमची बसते. आणि बाबांची धाकटी बहीण, म्हणजे आत्या, तयार दगड दफनभूमीत पोचवते. तीस वर्षं गाडी तिच्याच हातात आहे. "आपल्या धंद्यात गिऱ्हाईक कधी कुरकुर करत नाही," असं ती म्हणते, "कुरकुर करतात ते मागे उरलेले."

टायर फुटलं ते भर रस्त्यात, पण आत्यानं ब्रेक दाबला नाही. स्टिअरिंग घट्ट धरून तिनं गाडी हळूहळू कडेला घेतली. गाडी थांबली ती नेमकी नवरीच्या कपड्यांच्या दुकानासमोर. आत एक मुलगी आरशासमोर उभी राहून झगा घालून बघत होती आणि काचेबाहेर न्यायाधीशांचं नाव, जन्म आणि मृत्यू अशा ठळठळीत अक्षरांत उभं. दुकानदार बाहेर आला आणि हात जोडून म्हणाला, "बाई, एवढं झाकता का? आमचा सीझन आहे." आत्यानं ताडपत्री टाकली.

बाबा आणि मी पोचलो तेव्हा ती स्टेपनी काढून बघत होती. स्टेपनीही झिजून गोटा झालेली. बाबांनी आधी दगडाला टवका गेलाय का ते पाहिलं, मग बहिणीकडे पाहिलं आणि म्हणाले, "आता पुरे झालं. वय झालं तुझं. गाडी विकून टाकू. दगड न्यायला भाड्याचा ट्रक सांगत जाऊ."

"फुटलं ते टायर," आत्या म्हणाली. "मी नाही."

एवढंच. त्यानंतर दिवसभर ती कुणाशी बोलली नाही. आमच्या घरात हा प्रकार इतका नवा होता की आईनं दोनदा तिच्या कपाळाला हात लावून पाहिला.

दगड आणि गाडी दोन्ही क्रेनवाल्याकडून कारखान्यात परत आणली. न्यायाधीशांच्या बाईंना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, मी फोन केला आणि चाचरत आठवडाभराची मुदत मागितली. त्या म्हणाल्या, "त्यात काय एवढं? चाळीस वर्षं त्यांनी लोकांना पुढची तारीख दिली. आता एक त्यांनाही मिळू दे."

दुसऱ्या दिवशी आत्यानं फुटलेलं टायर माझ्या छोट्या गाडीच्या डिकीत कोंबलं आणि आम्ही टायरवाल्याकडे गेलो. तो पन्नाशीचा, पोट सुटलेला, कानावर खडू अडकवलेला माणूस. पिकअप म्हटल्यावर त्यानं सगळ्यात दांडगं टायर पुढे लोटलं. बोटभर उंचीच्या रबरी गाठी होत्या त्यावर.

"चिखलात, डोंगरात, कुठेही घाला, काकू. रणगाडा आहे."

"मी डांबरी रस्त्यानं जाते. शेवटची दोनशे पावलं खडी," आत्या म्हणाली. "आणि या गाठी रस्त्यावर घूं घूं करणार. तिथली मंडळी मोठ्या मुश्किलीनं झोपलेली असतात."

टायरवाल्याला कळायला जरा वेळ लागला. कळल्यावर त्यानं कानावरचा खडू काढला आणि नीट बोलायला लागला.

"वजन किती नेता?"

"दादा म्हणतो, बाराशे किलो."

"दादा म्हणतो की काटा म्हणतो?"

त्यानं आमचं फुटलेलं टायर आडवं पाडून त्याच्या बगलेवरच्या, म्हणजे बाजूच्या भिंतीवरच्या, बारीक आकड्यांभोवती खडूनं गोल काढला. एकशे नऊ. भिंतीवरच्या तक्त्यात एकशे नऊच्या पुढे लिहिलं होतं: एक हजार तीस किलो.

"म्हणजे मागच्या दोन टायरनी मिळून दोन हजार साठ किलो पेलायचे. त्यात गाडीचं स्वतःचं मागचं वजन आलं, मग तुमचा दगड. हे टायर बायकापोरांना घेऊन सहलीला जाणाऱ्याचं आहे. तुम्हाला कुणी दिलं?"

"दिसायला बरं होतं म्हणून दादानं घेतलं."

"दिसण्यावर लग्नं करावीत, काकू. टायर नाही." मग त्यानं आणखी एक गंमत दाखवली. बगलेवर एका लंबगोलात चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा, शेवटचे दोन वर्ष. टायर कधी जन्मलं ते त्यावरून कळतं. "नक्षी कोरी दिसली तरी रबर म्हातारं होतं. आधी वजन करून या, मग मी टायर दाखवतो." आणि काट्यापर्यंत जाण्यापुरती त्यानं आपल्याकडची दोन दणकट जुनी चाकं रिमसकट उसनी दिली.

घरी येतो तर अंगणात चार टायर रचलेली आणि त्यावर मामा बसलेला. आईचा हा भाऊ गावभर सवलतमामा म्हणून ओळखला जातो. त्यानं आयुष्यात कुठलीच वस्तू पूर्ण किमतीला घेतली नाही आणि घेतलेली एकही चालली नाही.

"नवी कोरी," मामा म्हणाला. "निम्म्या भावात. गोदाम रिकामं करतोय माझा माणूस."

आत्या गुडघ्यावर बसली, चष्मा पुसला आणि एकेका टायरभोवती फिरून आकडे वाचले. "बाविसावा आठवडा," ती म्हणाली. "नऊ वर्षांपूर्वीचा. तेव्हा तुमच्या डोक्यावर केस होते."

"ताई, रबर आहे, दूध आहे का नासायला?"

तिनं नखानं टायरची बगल ताणून दाखवली. कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा उघडल्या. मामानं जवळ येऊन पाहिलं, स्वतःच्या गाडीकडे एक नजर टाकली आणि चहा न घेताच गेला.

वजनकाटा आमच्या गल्लीच्या टोकाला, खडी विकणाऱ्याच्या आवारात. दगड आणि त्याखाली बसवायचा चौथरा दोन्ही गाडीत चढवले, नेहमी चढवतात तसेच. आत्या म्हणाली, "दादा, तूही चल." बाबांना अक्षरांना रंग भरायचा होता, टाक्यांना धार लावायची होती, पाठही दुखत होती. आत्या गाडी चालू करून शांतपणे बसून राहिली. शेवटी ते आले.

काट्यावरची बाई खिडकीत स्वेटर विणत बसली होती. तिनं गाडीचं एकूण वजन घेतलं, मग फक्त मागची चाकं काट्यावर घ्यायला लावली, कागदावर आकडे लिहिले. रिकाम्या गाडीचं वजन कागदपत्रांत होतंच. वजाबाकी मीच केली. दोनदा केली.

"एकोणीसशे दहा किलो," मी म्हटलं.

बाबा म्हणाले, "काटा बिघडलाय."

"इथे आलेला प्रत्येक जण हेच म्हणतो," सुई न थांबवता बाई म्हणाली. "एकदा माझा नवरा उभा राहिला होता. तोही हेच म्हणाला."

आत्यानं गाडीचं दार उघडून आतल्या पट्टीवर बोट ठेवलं. गाडी बनवणाऱ्यानं तिथे स्पष्ट लिहिलं होतं: जास्तीत जास्त भार, पंधराशे किलो.

"बाराशे कुठून काढलेस, दादा?"

बाबांनी खडीच्या ढिगाऱ्याकडे पाहिलं. "बाराशे दगडाचे. चौथरा मी धरत नाही."

"का? तो हवेत तरंगतो?"

"पूर्वी चौथरे पातळ असायचे. हल्ली लोकांना जाड लागतात."

"म्हणजे तुला ठाऊक होतं."

"अंदाज होता." ते इतकं हळू बोलले की काट्यावरच्या बाईचीसुद्धा सुई थांबली. "खरं वजन सांगितलं असतं तर तू दोन फेऱ्या करायला निघाली असतीस. दोनदा चढवायचं, दोनदा उतरवायचं. साठी उलटलीय तुझी. म्हटलं, एका फेरीत होत असेल तर होऊ दे."

"मी दमू नये म्हणून?"

"हो."

"दमले असते तर घरी येऊन झोपले असते," आत्या म्हणाली. "तू मला थेट गिऱ्हाईक करायला निघालास."

बाबांच्या नाकाचा शेंडा लाल झाला. तो आईच्या आजारपणात झाला होता, त्यानंतर मी आजच पाहिला. आत्यालाही तो दिसला असावा, कारण तिनं पुढचं वाक्य गिळलं. ती फक्त म्हणाली, "चौथरा इथेच उतरव. दगड घरी ठेवू. आणि टायर मी निवडणार."

टायरवाल्यानं कागद पाहिला आणि या खेपेला रणगाड्याकडे पाहिलंही नाही. आतल्या मळकट रांगेतून त्यानं एक साधं काळं टायर काढलं. मध्ये सलग पट्टे, खोल पण बसकी नक्षी, जाड बगल. आकडा एकशे एकवीस.

"चौदाशे पन्नास किलो एकेकावर. मागे दोन मिळून एकोणतीसशे. हवा मात्र पूर्ण भरायची, नाहीतर हा आकडा नुसती शोभा."

"किती टिकेल?" आत्यानं विचारलं.

"तुम्ही कुणाचं ऐकता त्यावर."

आत्यानं चार आकडे वाचले. टायर तीन महिन्यांपूर्वीचं होतं. तिनं चार सांगितली, मग स्टेपनीचं पाचवं. तोवर बाबा खाली बसून टायरच्या बगलेवरची उठावाची अक्षरं बोटांनी चाचपत होते.

"दोन अक्षरांतलं अंतर सारखं नाही," ते म्हणाले. "पण कडा स्वच्छ आहेत." बाबांच्या तोंडून याहून मोठं कौतुक आम्ही कधी ऐकलेलं नाही. टायरवाल्यानं, का कोण जाणे, आभार मानले. मग पहिल्या शंभरेक किलोमीटरनंतर चाकांचे नट पुन्हा आवळायला त्यानं बजावलं, आणि आत्यानं ते बाबांनाच करायला लावलं.

न्यायाधीशांकडे दोन फेऱ्या झाल्या. आधी चौथरा, मग दगड. दोन्ही वेळा बाबा आत्याच्या शेजारी बसले होते. तीस वर्षांत ते पहिल्यांदाच दफनभूमीत आले. आपले दगड तिथे उभे कसे दिसतात हे त्यांना माहीतच नव्हतं. ते रांगांमधून फिरले, एका ठिकाणी थांबून वाळकं गवत उपटलं, एका ठिकाणी स्वतःवर चिडले आणि मला बोलावून म्हणाले, "हा 'र' बघ, केवढा वाकडा काढलाय मी." मी म्हटलं, "आतल्या माणसाची हरकत नाही." ते हसले, आणि आत्याकडे जाऊन म्हणाले, "पुढच्या आठवड्यातही येतो." ती म्हणाली, "ये. पण दार हळू आपट."

न्यायाधीशांच्या बाईंनी दगडावर तळहात टेकवून पाहिला. मग त्यांनी विचारलं, "हे हलणार नाही ना?"

"नाही," आत्या म्हणाली.

"बरं," त्या म्हणाल्या. "घरी फार फिरत असायचे."

गाडी विकायचा विषय पुन्हा कुणी काढला नाही. पुढच्या महिन्यात एका श्रीमंत कुटुंबानं वडिलांसाठी पंख पसरलेला संगमरवरी देवदूत मागितला. बाबांनी चित्र काढलं, मापं घेतली, हिशेब केला आणि या वेळी चौथऱ्यासकट पूर्ण वजन कागदावर लिहून आत्यापुढे ठेवलं. तेवीसशे किलो.

आत्यानं कागद वाचला, चष्मा काढला आणि गिऱ्हाइकाला फोन लावला.

"देवदूत येईल," ती म्हणाली. "पण पंख दुसऱ्या फेरीला."