चारशे बाराव्या ओळीतली

लक्ष्मीकांतराव गेल्यावर वर्षभर त्यांच्या कॉम्प्युटरवरचं कापड उषाबाईंनी उचललं नव्हतं. उचललं ते पुण्याच्या पंढरीनाथरावांचा फोन आला म्हणून. पंढरीनाथराव वाघोदकर कुलमंडळाचे संपादक. कुलवृत्तांताची नवी आवृत्ती निघायची होती, सगळ्या शाखांची माहिती येऊन पडली होती आणि एकट्या माळव्यासाठी काम खोळंबलं होतं.

"लक्ष्मीकांतने फाइल जवळजवळ पुरी केली होती हो वहिनी," ते म्हणाले. "पण आमचं यंत्र तिच्यात चूक दाखवतंय. चूक असलेली फाइल पुढे छपाईला सरकतच नाही. तेवढी कुणाकडून तरी तपासून घ्या."

ते कुणी तरी म्हणजे निवेदिता. लक्ष्मीकांतरावांच्या बहिणीची, कुमुदिनीवन्सांची मुलगी. इंदुरातच पलासियाच्या एका ऑफिसात परदेशी पुस्तकांच्या फाइली तयार करायचं काम करायची. मिल बंद पडून घरी बसलेल्या मामाला सत्तरीत हे वेड लावलं ते तिनेच. मग हा माणूस देवास, धार, महू, उज्जैन अशा वाऱ्या करून कोण कुणाचा मुलगा, कोण होळकरांच्या फौजेत होता, कोण रेल्वेत लागला ते विचारून यायचा आणि संध्याकाळी एका बोटाने टाइप करत बसायचा. उषाबाई चिडवायच्या, "जिवंत बायकोशी बोला थोडं, मेलेल्या पणजोबांना घाई नाही."

रविवारी निवेदिता पोहे-जलेबीचा पुडा घेऊन रामबागेत आली. कॉम्प्युटर सुरू करून तिने एक काळी खिडकी उघडली.

"बघा मामी, सोप्पं आहे. प्रत्येक माणूस म्हणजे एक डबा. डब्यात छोटे डबे, नाव, जन्म, लग्न. उघडलेला डबा बंद झाला पाहिजे आणि आत काय काय पाहिजे त्याचे नियम पुण्यावाल्यांनी वेगळ्या फाइलीत लिहिलेत. आपण इथे एक ओळ लिहायची, एक्सएमएल-लिंट, पुढे नियमांची फाइल, पुढे मामाजींची. मशीन दोन्ही ताडून बघतं आणि कुठे बिघडलंय ते सांगतं."

"आणि बिघडलेलं नसलं तर?"

"तर काही नाही. चुप. आपल्या मम्मीच्या बिलकुल उलट."

उषाबाई हसल्या. जन्मभर गणित शिकवलेलं, त्यांना ही शिस्त आवडली. निवेदिताने बटण दाबलं आणि इंग्रजीत दोन ओळी आल्या.

"एकच चूक आहे. वा मामाजी. चारशे बारावी ओळ. म्हणतंय, या व्यक्तीत आधी नाव पाहिजे होतं, एकदम जन्मतारीखच आली. राहून गेलं असेल टाकायचं, अभी देखते हैं." तिने फाइल खाली सरकवली. "हे बघा, लक्ष्मीकांत, पत्नी उषा, त्यांची अपत्यं. आशिष तर खाली आहे. त्याच्या वर हे कोण आहे? मुलगी. जन्म…"

तिथे ती थांबली. जन्माच्या खाली मृत्यूची तारीख होती आणि महिना तोच होता.

उषाबाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. तारीख वाचायला चष्म्याची गरज नव्हती.

"मामी, मला माहीत नव्हतं."

"तुम्हा मुलांपैकी कुणालाच माहीत नाही. आशिषलाही नाही." त्या म्हणाल्या. "राहून नाही गेलं गं. नाव नव्हतंच तिचं. बारशाच्या आधीच गेली."

त्यांना वाटत होतं हे दुःख आपलं एकटीचं आहे. त्या चैत्रात पोर दुपट्यात गुंडाळून लक्ष्मीकांतराव आणि त्यांचे वडील नदीकडे गेले होते. एवढ्या लहान जिवाला जाळत नाहीत, पुरतात. बाळंतिणीला कोण नेणार? ते परत आले, अंगणातच अंघोळ केली आणि शेजाऱ्यांचा मागून आणलेला पाळणा संध्याकाळी परत देऊन आले. त्यानंतर त्या माणसाने एकदाही, अगदी एकदाही तो विषय काढला नाही. दोन वर्षं त्यांनी नवऱ्याचा मनातल्या मनात राग केला, मग आशिष झाला आणि रागही विरला. पुरुषाला काय आठवण राहणार, असं म्हणून त्यांनी तो हिशेब मिटवला होता. आणि इथे, पन्नास वर्षांनी, त्या माणसाने तारखेसकट मुलगी लिहून ठेवली होती. बायकोला न विचारता. तारीख विचारावी लागली नव्हती.

"तिला राहू दे तिथेच," उषाबाई म्हणाल्या.

पण राहू देणं निवेदिताच्या हातात नव्हतं. "आपल्या इथली नियमांची फाइल मी बदलू शकते. 'नाव'पुढे एक प्रश्नचिन्ह टाकलं की झालं, असलं तर असलं, नसलं तर नसलं. पण पुण्यात ते लोक त्यांच्या स्वतःच्याच नियमांवर तपासणार ना."

म्हणून फोन लावला. पंढरीनाथरावांनी सगळं ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता.

"वहिनी, बैठकीत यावर दोन तास भांडण झालंय. प्रत्येक घरात अशी दोन-तीन मुलं गेलीत, कुणाला आठवतात, कुणाला नाही. शेवटी ठराव केला, ज्याचं नाव ठेवलं गेलं त्यालाच घ्यायचं. तुम्ही एखादं नाव कळवा, मी आनंदाने घेईन. मला काय, यंत्राला नाव मिळाल्याशी कारण. नाहीतर ती नोंद तेवढी काढा. फाइल मात्र या आठवड्यात हवी."

एखादं नाव. निवेदिता म्हणाली, "ठेवा ना मामी, तुम्हीच ठेवा." उषाबाईंनी मान हलवली. नाव ठेवायचा मान आत्याचा. बाळाच्या कानात ती नाव सांगते, मग ते जगाला कळतं, तोवर आईसुद्धा विचारत नाही. त्या बारशासाठी कुमुदिनीवन्सांनी कुंची शिवली होती, म्हणजे नावही योजलं असणारच. ते त्यांनी कुणाच्या कानात सांगितलं नाही एवढंच. आता सांगतील. मुलगी आपल्या खऱ्या नावाने पुस्तकात जाईल. त्या विचाराने उषाबाईंना इतका हुरूप आला, की दुसऱ्याच दिवशी ई-रिक्षा करून त्या स्नेहलतागंजला पोचल्या.

कुमुदिनीवन्सांनी ऐंशी गाठलेली, गुडघे गेलेले, जीभ शाबूत.

"ये गं. भाऊ गेल्यापासून आम्हालाही गेल्यात जमा केलंस का? सुनीता, मामीला चाय आण, आणि सेव आण लौंगवाली," त्यांनी कामवाल्या बाईला हाक दिली. "आणि तू अशी धापा काय टाकतेस, मॅरेथॉनला निघालीस?"

उषाबाईंनी चहा यायचीही वाट पाहिली नाही. "वन्सं, आमची पहिली मुलगी. तिच्यासाठी तुम्ही नाव योजलं होतं ना? काय होतं?"

वन्सांनी मांडीवरचा पदर सारखा केला.

"निवेदिता," त्या म्हणाल्या.

रस्त्यावर कुणीतरी हॉर्न वाजवत होतं. सुनीता चहा ठेवून गेली.

"दोन वर्षांनी मला मुलगी झाली. सासूबाईंच्या मनात शकुंतला होतं, नणंदेलाही तेच सांगून ठेवलेलं. मी हट्ट धरला. म्हटलं, माझ्या मनात एक नाव आहे. एवढं छान नाव, कुणी हाकसुद्धा मारली नव्हती त्याला. वाया जाऊ नये असं वाटलं गं." वन्सांनी पदराने चष्म्याखालचं पाणी टिपलं. "तुला सांगणार होते. निवेदिताच्या बारशाच्या दिवशीच सांगणार होते. पण तू तिला मांडीवर घेऊन इतकी शांत बसली होतीस. नाही सांगवलं."

"बरं केलंत," उषाबाई म्हणाल्या. थोड्या वेळाने त्यांनी चहा प्यायला, तोवर त्यावर साय धरली होती.

परत येताना त्यांना सगळं आठवत गेलं. सुट्टीत ती पोर महिना महिना रामबागेत राहायची. निवेदिता, जेवायला चल. निवेदिता, वेणी घालून घे. निवेदिता, आशिषला मारू नकोस. किती हाका मारल्या असतील, आणि एकीलाही कळलं नाही, ना मारणारीला, ना ऐकणारीला. राग येईल म्हणून त्यांनी वाट पाहिली. राग आला नाही. रिक्षावाला म्हणाला, "माताजी, रामबाग तो पीछे गया," तेव्हा त्या उतरल्या आणि चालत घरी आल्या.

संध्याकाळी निवेदिता ऑफिसातून थेट आली. "मम्मीने बताया? काय नाव होतं?"

ती चप्पल काढत होती. केसांत पांढरी बट, खांद्याला ऑफिसची पर्स, घरी दहावीतली मुलगी. जिवंत, भरल्या घरातली बाई. तिचं नाव आपल्या हाताने मृत्यूच्या तारखेवर कसं लिहायचं? ते तिला सांगायचं तरी कसं?

"त्यांना आठवत नाही," उषाबाई म्हणाल्या.

"अरे यार. मम्मीला तर चालीस साल पुरानी भांडणं आठवतात." ती खुर्चीत बसली. "मग तुम्ही ठेवा मामी. मशीनला कुठे कळतंय."

"नको. दुसरं नको."

"मग नोंद काढावी लागेल."

निवेदिताने उषाबाईंकडे पाहिलं आणि हलक्या आवाजात म्हणाली, "एक करता येतं. नोंदीच्या आधी आणि नंतर अशा खुणा टाकायच्या. त्यांच्या मधलं मशीन तपासत नाही, छापतही नाही. आम्ही ऑफिसात एकमेकांसाठी निरोप ठेवतो तिथे. फाइलीत राहील ती. फक्त पुस्तकात दिसणार नाही."

"कुणालाच?"

"फाइल उघडेल त्याला दिसेल. पण कोण उघडतंय?"

तिने मामाच्या ओळींच्या दोन्ही बाजूंना खुणा घातल्या, तशी ती अक्षरं पडद्यावर करड्या रंगाची झाली. "अजून काही लिहायचं तर लिहा, आत सगळं चालतं," ती म्हणाली आणि स्वतः उठून खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. उषाबाईंनी एका बोटाने, जसा नवरा टाइप करायचा तसं, लिहिलं: रंग वडिलांचा. डाव्या कानामागे तीळ. दूध पिताना पायाचा अंगठा हलवायची.

मग निवेदिताने तपासणीची ओळ पुन्हा चालवली. या वेळी काही आलं नाही.

"पास," ती म्हणाली. फाइल पुण्याला गेली.

आठवड्याने पंढरीनाथरावांचा फोन आला. आवाज खुशीत होता. "वहिनी, एकदम स्वच्छ फाइल. एवढी स्वच्छ कुठल्याच शाखेची नाही. आता छापायला देण्याआधी प्रत्येक घराकडून एकदा वाचून खात्री करून घेतोय. तुमचं वाचतो हं." कागद उलटल्याचा आवाज आला. "लक्ष्मीकांत पुरुषोत्तम. इंदूर. मिलमध्ये नोकरी. माळवा शाखेचे संकलक. पत्नी उषा, शिक्षिका. अपत्य एक, आशिष."

पलीकडे ते थांबले.

"बरोबर आहे ना वहिनी?"

उषाबाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "छापा."