डाव्या बाजूची सीट

मित्रांनो, आधी ती अंगणातली पांढरी गाडी बघून घ्या. सगळे तिलाच बघतात, मग तुम्ही तरी का मागे राहावं? बघितलीत? झालं समाधान? आता जरा मागे वळा. गोठ्याच्या कडेला, झावळ्यांच्या मांडवाखाली, जिच्या टपावर कोंबडी बसली आहे ती मी. मी एक जुनी डिझेल पिकअप आहे. दिवेआगरच्या अंबाजीच्या दारात मी आधी आले, ती मागाहून आली. एवढं लक्षात ठेवलंत तरी पुष्कळ झालं.

कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा माझ्यासारख्या कितीतरी जणी रांगेत उभ्या होत्या. त्यातून अंबाजीने मला निवडलं. त्या काळी निवडायला फारसं काही नसे. एकच इंजिन, पाच गिअर, खाली तीन पेडल. माणसाने गाडी घ्यायची आणि मुकाट्याने तिच्याशी जुळवून घ्यायचं. अंबाजीची लेक जागृती तेव्हा रांगत होती. तिची आई तुळसा हिने माझ्या चाकांवर पाणी घातलं, कुंकू लावलं आणि मी घरची झाले.

मी काय वाहिलं नाही ते विचारा! वाडीतले नारळ, सुपारीची पोती, घरं बांधायला चिरे, गणपतीच्या दिवसांत आख्खं भजनी मंडळ. म्हसळ्याकडे जाताना लागणारा घाट मी चिऱ्यांनी लादून चढले आहे. माझं इंजिन फार ताकदीचं नव्हतं, पण अंबाजीच्या हातात आले की मला जोर चढायचा. माझा क्लच दगडासारखा जड होता. तिसरा गिअर तर मी सुखासुखी घेतच नसे. दांडा थोडा आपल्याकडे ओढायचा, क्षणभर थांबायचं आणि मग पुढे सारायचा. ही खोड फक्त अंबाजीला ठाऊक होती. दुसरा कुणी बसला की मी अशी करकर ओरडायचे की तो घाबरून उतरायचा. तेव्हा अंबाजी हसून म्हणायचा, "ती माझ्याबिगर कुणाचं ऐकत न्हाय." हे ऐकून माझी छाती फुगायची.

मग ते मोठं वादळ आलं. आमच्या वाड्या आडव्या झाल्या. रस्त्यात माड पडले होते, घरांवर पत्रे राहिले नव्हते. अंबाजीने मला बाहेर काढलं आणि पहिल्या गिअरवर, क्लच अर्धा दाबून धरून, खोडांच्या मधून वाट काढत फिरवलं. पिण्याचं पाणी, ताडपत्र्या, आजारी माणसं, सगळं आम्ही दोघांनी पोचवलं. असे कितीतरी दिवस गेले. लोक माझ्या बॉनेटवर थाप मारून म्हणत, "गाडी असावी तर अशी!" त्या दिवसांनंतर अंबाजी डाव्या पायाने लंगडू लागला. मला वाटलं, वय झालं की माणसं लंगडतात. मी माझ्या कौतुकात होते.

आणि एके दिवशी अंगणात चर्चा सुरू झाली. जागृती आता मोठी झाली होती, बापाचा धंदा तीच बघायची. तिने मोबाइलवर नव्या गाड्यांची माहिती काढली होती.

"बाबा, हिच्यात इंजिन दोन तऱ्हेचं मिळतं. आपल्याला जास्त ताकदीचं घेऊ. पनवेलपर्यंत माल न्यायचा तर जोर पाहिजे."

"ताकदीचं घे," अंबाजी म्हणाला, "पन गिअर हाताचा पाहिजे. घाटात गाडी माझ्या हाताला कळली पाहिजे."

"हातानं गिअर म्हणजे क्लच आला. ऑटोमॅटिकच घ्यायची. गिअर ती टाकेल, तुम्ही नुसतं चालवा."

"आपोआप गिअर टाकणारी गाडी! मग मी काय नुसता बसून राहू?"

मित्रांनो, मला काय आनंद झाला म्हणून सांगू! अंबाजी माझ्यासाठी भांडतोय, असंच मला वाटलं. पण आतून तुळसा बाहेर आली आणि म्हणाली, "अवो, डागतर काय बोल्लाय ते इसरलाव काय? गप ऑटोमॅटिक घ्या." मला त्यातलं काही कळलं नाही. एवढंच कळलं की दारात सवत येणार.

आली. पांढरीशुभ्र, माझ्यापेक्षा हातभर उंच, पुढे मोठी जाळी. आणि खाली पेडल किती? दोन! मला हसू आवरेना. तीन पेडलांच्या जागी दोन, ही काय घाट चढणार? पहिल्याच फेरीला ती चिरे भरून निघाली, तेव्हा मी मनापासून इच्छा केली की ती अर्ध्या घाटात बंद पडावी आणि मला बोलावणं यावं. संध्याकाळी ती घरी आली. गरमसुद्धा झाली नव्हती. अंबाजी खाली उतरून तुळसेला म्हणाला, "एकदाबी दम लागला न्हाय बग. आन् डावा पाय नुसता बसून व्हता." माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

दसऱ्याला तर कहर झाला. दरवर्षी पहिला झेंडूचा हार माझ्या बॉनेटवर चढे. त्या वर्षी तो तिला गेला. लिंबू तिच्या चाकाखाली, नारळ तिच्यापुढे. उरलेल्या चार फुलांची एक माळ जागृतीने माझ्या आरशाला बांधली. ती कोंबड्यांनी खाल्ली.

पुढे मला विकायचं ठरलं. म्हसळ्याहून मोरू नावाचं गिऱ्हाईक आलं. तो बसला, क्लच दाबताना त्याचं तोंड वाकडं झालं. तिसऱ्या गिअरला मी माझी ठरलेली करकर केली. तो उतरला आणि म्हणाला, "ही कोन घेनार? भंगारात घाला." मी जिंकले होते. मोरू गेला आणि मग तो शब्द मला पुन्हा ऐकू आला. भंगार. माझ्या तोंडचं पाणी पळालं.

"त्याच्या आधी एकदा मितेशला दाखवू," जागृती म्हणाली. मितेश म्हणजे बोर्लीचा मेकॅनिक. तो आला, माझ्यात बसला, क्लच दाबला आणि दचकून अंबाजीकडे बघू लागला.

"काका, ह्यो क्लच हाय का जातं? इतकी वर्सं कशी चालवलीत?"

"सवय झाली व्हती रं."

"कसली सवय, बाबा?" जागृती एकदम चिडली. तिचे डोळे भरून आले होते. "गुडघा गेला तुमचा ह्याच्यापायी. डॉक्टरांनी क्लच बंद सांगितला, तेव्हा कुठे ऐकलंत. तुम्ही एकदा तरी बोलायचं होतं!"

अंबाजी माझ्या दरवाजावर हात ठेवून उभा राहिला. "चालत व्हती ना ती," एवढंच म्हणाला.

मितेशने प्लेट बदलली, केबल बदलली, सांध्यांना तेल दिलं. माझ्या तिसऱ्या गिअरचा रुसवा म्हणजे एक झिजलेला बुश, गिअरच्या दांड्यातली बोटभर कडी, निघाला. मी त्याला माझा स्वभाव समजत होते! दिवस मावळायच्या आत माझा क्लच लोण्यासारखा मऊ झाला. एका दिवसाचं काम, मित्रांनो, आणि त्याच्यासाठी एक चांगला गुडघा गेला. तुमच्या घरात कुणी "सवय आहे मला" म्हणत काही सोसत असेल, तर त्याचं ऐकून घेऊ नका. जवळ जाऊन बघा, काय जड झालं आहे ते.

मला विकायचं बारगळलं. दुसऱ्या दिवशी वाडीतून सुपारी आणायची होती. जागृती माझ्या चाकामागे बसली. अंबाजी सवयीने उजव्या दाराशी आला, थांबला आणि वळसा घालून डावीकडे गेला. इतक्या वर्षांत तो त्या सीटवर कधी बसला नव्हता. आम्ही निघालो. जागृतीने क्लच दाबला, तिसरा गिअर अलगद पडला. त्याच क्षणी डाव्या बाजूला माझ्या पत्र्यावर एक पाय हळूच दाबला गेला. तिथे क्लच नाही. ती नुसती सपाट जमीन आहे. पण जागृती गिअर बदलते तेव्हा दरवेळी तो पाय तिथे दाबतो.

ती पांढरी अजूनही माझ्या डोळ्यांत खुपते. तिच्यात जोर जास्त आहे, हार तिलाच मिळतो आणि तिच्यात अंबाजीच्या पायाला आराम पडतो, हे मी मान्य करते. मिळू दे आराम, मिळायलाच हवा. पण तिच्यात तो पाय नुसता बसून असतो. माझ्यात अजून माझ्यासोबत गिअर टाकतो. तेवढं एक तिच्याकडे नाही.