ढब्बू पैशाएवढी जाडी

चोपड्याच्या बसस्टँडमागे लीलाधरने वर्कशॉप उघडलं आणि अभिमन लोहाराला नावं ठेवायला हक्काचा माणूस मिळाला. धुळ्याच्या आयटीआयमधून शिकून आलेला लीलाधर ट्रकच्या स्प्रिंगचा जुना पोलादी पाटा ग्राइंडरवर धरायचा, ठिणग्या उडवायचा आणि ताप बघावा तसा दर दोन मिनिटांनी कॅलिपर लावून जाडी मोजायचा. अर्धं पोलाद हवेत उडवतो आणि उरलेल्याला विळा म्हणतो, असं अभिमन येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे.

अभिमनचं माप म्हणजे बापाचा ढब्बू पैसा. पाटा भट्टीत लाल करायचा, ठोकून पातळ करत न्यायचा. थंड झाला की ऐरणीवर पैशाशेजारी ठेवून दोन्हींवरून नख फिरवायचं. नख अडकलं नाही, की विळ्याच्या पाठीची जाडी झाली. दर दसऱ्याला त्याची बायको भिकुबाई चिंच आणि राख लावून तो पैसा सोन्यासारखा लख्ख घासायची, आणि घणाच्या शेजारी त्याचीही पूजा व्हायची.

त्या वर्षी केळीची कापणी तोंडावर आली असताना लोटन आला. लोटन कापणीच्या टोळीचा मुकादम. त्याच्या टोळीचे बारा विळे तीन पिढ्या याच भट्टीत घडत आले होते. त्याच्यामागून लीलाधरही आला, कॅलिपर शर्टाच्या खिशाला पेनासारखा लावून. अभिमनने त्या खिशाकडे बघितलं आणि डॉक्टरसाहेब आजारी कोण आहे, असं विचारलं.

लोटनने दोन विळे ऐरणीवर ठेवले. एक गेल्या वर्षीचा, मधोमध वाकलेला. दुसरा काळवंडलेला, जुना.

"नाना, तुमना इळा वाकी गया. तुमना बापना आजूनबी सरळ शे," तो म्हणाला. यंदाचे बारा लीलाधरकडे टाकावेत, असं टोळीचं म्हणणं होतं, तेही त्याने खाली बघत सांगून टाकलं.

अभिमनने टोळीची अक्कल काढली. घडाचा दांडा कापायचा सोडून विळ्याने पहारीचं काम करतात, वर लोहाराला बोल लावतात. माप चुकणं शक्यच नव्हतं.

"हाऊ पैसा मना बापना शे," असं म्हणत त्याने पैसा काढून वाकलेल्या विळ्याशेजारी ठेवला. नख सरकन गेलं. त्याने लीलाधरकडे तुच्छतेने पाहिलं. मग त्याच तोऱ्यात पैसा बापाच्या विळ्याला लावला.

नख अडकलं.

त्याने पुन्हा फिरवलं. विळ्याची पाठ पैशाच्या चांगलीच वर होती. पैशावरची अक्षरं केव्हाच गेली होती, हे त्याला रोज दिसत होतं. पण अक्षरांबरोबर आणखी काय गेलं, हे त्याने कधी बघितलं नव्हतं. तीस दसरे त्यावरून गेले होते.

लीलाधरचा हात खिशातल्या कॅलिपरकडे गेला आणि तसाच परत आला. याचा अभिमनला जास्तच राग आला.

"लाव तुनं यंत्र," तो म्हणाला.

"बापाचा साडेतीन मिलिमीटर. तुमचा अडीच."

अभिमनने पैसा कोनाड्यात देवाजवळ ठेवून दिला. घासून घासून देवच झाला आहे, आता तिथेच बसू दे, असं पुटपुटला. बापाचा विळा मात्र त्याने लोटनला परत दिला नाही. यंदाचे बारा विळे होईपर्यंत माप म्हणून हा इथेच राहील, म्हणाला. लोटनने होकारार्थी मान हलवली.

लीलाधर जायला वळला. अभिमनने भट्टीत नवा पाटा सारला आणि त्याच्याकडे न बघता म्हटलं,

"आकडा सांगी दिना ना? आते भाता वढ."